तळेघरच्या वळणावरची लिपस्टिक

आफ्रिकन व्हायोलेटच्या भावकीतल्या एखाद्या झाडानं या भूतलावर कुठंही मान टाकली, की त्याची पहिली खबर आमच्या चुलत सासऱ्यांना लागते, असं माझं ठाम मत आहे. घरातल्या माणसाला ताप आला तर ती बातमी त्यांच्यापर्यंत पोचायला दोन दिवस लागतात, आणि पोचली तरी ते "बरं" म्हणून पुन्हा कुंडीत बोट घालतात. पण गोठ्यातल्या तिसऱ्या फळीवरच्या व्हायोलेटचं एक पान कडेनं पिवळं पडलं, तर हा माणूस जेवणाच्या ताटावरून उठतो. उठताना कुणाला काही सांगत नाही. आपण आपलं भाकरीचा तुकडा हातात धरून समजून घ्यायचं, की फळीवर कुणीतरी आजारी आहे.

उभा जन्म त्यांनी एस.टी.त कंडक्टर म्हणून काढला, तोही घोडेगावहून तळेघरकडे चढणाऱ्या गाडीवर. आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण बोलण्याची पद्धत गाडीतलीच राहिली. घरात नवीन झाड आलं की त्याला पहिला प्रश्न, "कुठनं बसली?" मग कुंडीत पट्टी खोचायची, आणि पट्टीवर झाड कुठून आलं ते लिहायचं. नाव मात्र लिहायचं नाही. नावाची जागा कोरी ठेवायची, आणि फूल येऊन ओळख पटली की मगच नाव भरायचं. "पान बघून नाव द्यायचं म्हंजे नुसता सदरा बघून पावण्याला जावई म्हनायचं," असं ते म्हणतात. या बाबतीत देवाचीही गय नाही. स्वतःच्या बायकोला माहेरी जाताना भर गाडीत पूर्ण तिकीट फाडून देणारा हा माणूस, झाडाला काय सोडतो.

मी स्पष्टच सांगते, आमच्या माहेरच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. आईवडलांना सही करता येते, तेवढीच त्यांची अक्षरांशी सोयरीक. मी बी.एस्सी. झाले, तेही वनस्पतीशास्त्र घेऊन. वडलांनी प्रमाणपत्राला काच बसवून ते देवांच्या फोटोंच्या रांगेत टांगलं आणि उदबत्ती ओवाळताना तिथंही एक फेरा द्यायला लागले. त्यामुळं लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझी मान चांगलीच ताठ होती. तिसऱ्याच दिवशी आबा, म्हणजे हे चुलत सासरे, माझ्यापुढं एक पान घेऊन उभे राहिले. जाडसर, गुबगुबीत, मांजराच्या पिलाच्या कानासारखं लव असलेलं. "वनस्पतीवाली ना तू? मंग हे काय, सांग बरं." मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "पानओवा." त्यांनी शांतपणे ते पान माझ्या नाकाशी धरलं. ओव्याचा वास सोडा, कसलाच वास नव्हता. आबा मागं वळता वळता म्हणाले, "कॉलेजला सुट्ट्या लई व्हत्या वाटतं." ते पान आफ्रिकन व्हायोलेटचं होतं. त्या दिवसापासून या घरात माझं नाव 'बीयस्शी' पडलं, आणि ते कौतुकानं पडलेलं नाही हे मला पहिली दोन वर्षं चांगलं माहीत होतं.

या सगळ्या वेडाचं मूळ तळेघरच्या अलीकडच्या एका वळणावर आहे. तिथं रस्त्याच्या खालच्या अंगाला एक जुनं जांभळाचं झाड होतं, आणि त्याच्या उंच बेचक्यात, शेवाळाच्या गादीत, पावसाळा ओसरता ओसरता काहीतरी लालभडक लोंबायचं. गाडी वळणावर हळू व्हायची तेवढ्यात आबा खिडकीतून मान काढून ते बघायचे. वर्षानुवर्षं बघितलं, पण हाताला कधी लागलं नाही. एकदा भीमाशंकरला निघालेल्या कॉलेजच्या मुली गाडीत होत्या. आबांनी त्यांना ते दाखवलं, तर त्यातली एक म्हणाली की हे लिपस्टिकचं झाड असणार, आफ्रिकन व्हायोलेटच्या कुळातलं. एवढं ऐकून आबांच्या आयुष्याला जी दिशा लागली ती लागलीच. ड्रायव्हर, पासवाले, तळेघरच्या टपरीवर चहा पिणारे, सगळ्यांना ते सांगत सुटले. लोक हसायचे. "कंडक्टरला आता झाडाव बी लिपस्टिक दिसाया लागली, वहिनींस्नी सांगा कुणीतरी," असं मागच्या बाकावरून यायचं. मग एका वादळी पावसात ते जांभूळच मुळासकट दरीत गेलं. आबांनी गाडी थांबवली, छत्री न घेता खाली उतरले, आणि चिखलात पडलेल्या फांदीवरून वीतभर देठ तेवढा तोडून तिकिटांच्या ट्रेमध्ये घालून घरी आणला. त्या वळणावरच्या लाल फुलाचा जगात तेवढाच पुरावा उरला होता.

देठ जगला. पण फूल आल्याशिवाय नाव नाही. पुण्याला वनस्पतींचे एक जाणकार सर आहेत. त्यांना आबांनी फोन करून पानाचं वर्णन ऐकवलं, तर सरांनी सांगितलं की पानावरून काहीच ठरत नाही. नर्सरीत मिळणारं लिपस्टिकचं झाड वेगळं आणि रानातलं वेगळं, पण पानं दोघांचीही जाड, चकचकीत, समोरासमोर जोडीनं येणारी. खरा फरक फुलाच्या बुडाशी. नर्सरीतल्याच्या बुडाशी एकसंध, काळपट जांभळी नळी असते, आणि तिच्यातून लाल फूल डबीतून लिपस्टिक वर यावी तसं येतं. रानातल्याच्या बुडाशी नळी नसते, पाच अरुंद, सुट्या फाकी असतात. फूल आलं की बुडाकडून फोटो पाठवा, फाकी सुट्या निघाल्या तर मी स्वतः येतो आणि तुमच्या वळणाची नोंद कागदावर घेतो, असं सर म्हणाले. "कागदाव लागंल," हे वाक्य आबा त्यानंतर इतक्या वेळा म्हणाले, की घरातल्या शेळीनंही मान डोलवावी.

आता एका माणसाची ओळख पटवायची तर आधी त्याची अख्खी भावकी ठाऊक हवी, हा आबांचा हिशेब. म्हणून गोठ्याच्या अर्ध्या भागातली जनावरं दुसरीकडं हलली आणि तिथं भावकी येऊन बसली. व्हायोलेट ही थोरली, गोल गरगरीत, अंगावर पाण्याचा थेंब पडला तरी डाग धरून बसणारी, म्हणून तिला खालून पाणी पाजायचं. एपिसिया ही नटवी, पानांवर चांदीचं नक्षीकाम, आणि थंडी पडली की पहिली रुसणारी. ग्लॉक्सिनिया म्हणजे मोठ्या घरची, फुलं घंटेएवढी, पण वर्षातले चार महिने कंदात शिरून झोप काढणार. स्ट्रेप्टोकार्पसच्या एका पानाचे आडवे तुकडे करून वाळूत उभे लावले, की प्रत्येक तुकड्याच्या बुडाशी पिलं धरतात; ते बघून आबा आठवडाभर जमिनीवरून चालत नव्हते. आणि याच भावकीतली एक गरीब नातलग आपल्याच डोंगरात, ओल्या कातळाला चिकटून असते, हे त्यांना कळलं त्या दिवशी तर मी शिकवते त्या शाळेतून त्यांनी मला बोलावून घेतलं. निळी चिमुकली फुलं, सगळी एकाच बाजूला तोंड करून बसलेली, आणि पानाची एक बाजू मोठी, दुसरी लहान. "इतकी वरसं पायाखाली व्हती राव. आफ्रिकेची भाचरं आपल्या शिवेव नांदतायत, आन् आपन वळखबी दावली न्हाई." डोळे खरंच पाणावले होते. मला वाटलं धुरानं, पण चूल पेटलेली नव्हती.

ओळख पटवण्याचं त्यांचं हत्यार म्हणजे घड्याळजीची डोळ्यात बसवायची काच. ती एका डोळ्यात घट्ट बसवून आणि दुसरा मिटून ते फूल उलगडतात आणि आत बघतात, तेव्हा श्वाससुद्धा परवानगीनं घेतात असं वाटतं. फुलाच्या नळीत चार पुंकेसर माथ्याला माथा लावून उभे असतात, ही या भावकीतल्या बहुतेकांची खूण. आबांच्या शब्दांत, "चौघं डोस्की जुळवून आपल्याबद्दलच बोलत्यात." मी कॉलेजात हेच शिकले होते, चित्र काढून गुणही घेतले होते. पण गोठ्यात, शेणाच्या वासात, त्या काचेतून ते चार जण बघितले तेव्हा पहिल्यांदा कळलं की आकृती कशाची काढली होती. हे मी त्यांना सांगितलं नाही. काही गोष्टींत आपला मान आपणच सांभाळावा लागतो.

काकूंचं, म्हणजे आबांच्या बायकोचं, आणि या भावकीचं मात्र कधी जमलं नाही, किंवा जमत नाही असा निदान आमचा सगळ्यांचा समज होता. अॅकिमिनीस नावाच्या झाडाचे कंद हिवाळ्यात झोपतात. दिसायला ते खवल्याखवल्यांचे, बोटाच्या पेराएवढे. आबांनी ते कोरड्या भुशात घालून स्वयंपाकघरातल्या एका डब्यात ठेवले आणि कुणाला सांगितलं नाही. काकूंनी डबा उघडला, अळ्या पडल्यात म्हणून किंचाळल्या, आणि सगळं कोंबड्यांपुढं ओतलं. कोंबड्या त्या वर्षी छान तजेलदार झाल्या. दुसरी भानगड वातीची. व्हायोलेटला खालून पाणी द्यायचं तर कुंडीच्या भोकातून वात ओढून तिचं दुसरं टोक पाण्यात सोडावं लागतं. आधी काकूंनी देवासाठी वळलेल्या कापसाच्या वाती गायब व्हायला लागल्या. त्या कुजतात असं लक्षात आल्यावर आबांनी नायलॉन शोधलं, आणि ते काकूंच्या परकराच्या नाड्यांत सापडलं. बाजारच्या दिवशी काकू तयार होऊन निघायला बघतात तर एकाही परकराला नाडी नाही, आणि गोठ्यात अकरा व्हायोलेटं ऐटीत पाणी पितायत. त्या दिवशी काकू जे बोलल्या ते मी इथं लिहीत नाही. शाळेत शिकवते मी.

पण आबांचा खरा नियम एकच, तो म्हणजे बोटाचा. मातीत पेरभर बोट घालायचं. ओल लागली तर पाणी नाही, कोरडं लागलं तरच पाणी. आपल्याकडं कुणालाही पाणी पाजणं म्हणजे पुण्य. येणारा जाणारा प्रत्येक जण गोठ्यात डोकावून तांब्याभर पाणी ओतायला बघतो, आणि आबा दारात आडवे पडायचेच बाकी असतात. "ह्या भावकीला दुष्काळ न्हाई मारत, माया मारती," असं ते म्हणतात. म्हणूनच पोटाच्या ऑपरेशनसाठी त्यांना महिनाभर पुण्याला राहावं लागलं, तेव्हा टाक्यांपेक्षा कुंड्यांची काळजी जास्त होती, असं सांगतात. मी या घरात येण्याच्या आधीची ती गोष्ट. सगळ्यात जास्त चिंता अर्थात त्या वीतभर देठाची. पण परत येऊन बघतात तर देठ नुसता जिवंत नाही, चांगला हातभर झालेला. त्याचं श्रेय त्यांनी तळेघरच्या काटकपणाला देऊन टाकलं.

तेव्हापासून सात वर्षं ती कुंडी गोठ्याच्या आढ्याला टांगलेली. वेल खाली लोंबली, पुरुषभर झाली, पण फुलाचं नाव नाही. आबांनी नारळाच्या काथ्याचा भुसा बदलला, कोळशाचे तुकडे घातले, जागा पूर्वेकडं केली, चैत्रात ओली गोणपाटं बांधून गारवा केला, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून काही दिवस तिच्याशी बोलूनही बघितलं. गेल्या वर्षी श्रावण सरताना एके सकाळी ते न बोलता माझ्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा असा, की मला वाटलं घरात कुणीतरी गेलं. हाताला धरून त्यांनी मला गोठ्यात नेलं. वेलीच्या टोकाला मोहरीएवढ्या कळ्यांचा चिमूटभर झुबका होता.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. मुलीचं लग्न ठरलेल्या घरातही एवढी धांदल नसते. आणि याच धांदलीत आबांनी ते केलं, जे फक्त आमच्याच भागातला माणूस करू शकतो. जुन्नरकडं द्राक्षाचे घड कागदात झाकतात, तसा त्यांनी कळ्यांचा झुबका कागदाच्या पिशवीत घालून वरून दोरा बांधून टाकला. खार नको, माशी नको, आणि नजर तर नकोच नको. "सगळ्यात वाईट नजर माझीच हाय," म्हणाले, "दर घटकंला उघडून बघत बसंन. आता फुललं की एकदमच बघायचं." मी म्हणाले, आबा, निदान कळीचं बूड तरी बघू, नळी आहे की फाकी ते आत्ताच कळेल. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी लग्नाआधी आंतरपाट वर करून बघायला सांगितलं होतं. पंधरा दिवस तो कागद फुगत गेला, आणि आम्ही दोघं त्याच्याखाली उभं राहून आतल्या फुलांचे अंदाज बांधत राहिलो. सरांना फोन झाला. माझा मोबाईल रोज चार्ज आहे ना, याची चौकशी व्हायला लागली. गणेशचतुर्थीला सकाळी कागद उघडायचा असं ठरलं.

चतुर्थीला पहाटेच आबा घोडेगावहून मूर्ती आणायला गेले. गणपती आमच्याकडं दीड दिवसाचा. मूर्ती पाटावर ठेवून, डोक्यावरची टोपीही न काढता ते तडक गोठ्याकडं गेले, आणि मी मोबाईल घेऊन मागं. वेलीच्या टोकाला दोरा लोंबत होता. कागदाची पिशवी व्यवस्थित घडी घालून खालच्या फळीवर ठेवलेली होती. झुबका नव्हता.

आबांनी आधी शेळीकडं बघितलं. मग वर आढ्याकडं, खारीच्या वाटेकडं. पण शेळी किंवा खार कागदाची घडी घालत नाही, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं. तेवढ्यात आतून घंटा वाजली, आरती सुरू झाली. आम्ही आत गेलो, आणि टाळ्या वाजवता वाजवता आबांचा हात हवेतच राहिला. गणपतीच्या उजव्या हाताशी, दूर्वांच्या मोठ्या जुडीत बुडालेली, चार लालभडक फुलं होती. फक्त वरची टोकं दिसत होती. बुडं दूर्वांत गडप.

काकू आरती म्हणत होत्या, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं. आरती संपल्यावर म्हणाल्या, "लाल फूल देवाला आवडतं. जास्वंद न्हाई मिळाली आवंदा." दारात दोन जास्वंदी फुलांनी लगडलेल्या होत्या.

मी हळूच म्हणाले, आबा, दूर्वा जरा बाजूला करून मी फोटो काढते. ते म्हणाले, "न्हाई. वाहिलं म्हंजे त्याचं झालं. त्याच्या अंगाव हात घालून झडती घ्यायची न्हाई." आणि तिथंच, पाटापासून दोन हातांवर, मांडी घालून बसले. घड्याळजीची काच डोळ्यात. पुढचा दीड दिवस हा माणूस तिथून उठला नाही. जन्मात कधी पूर्ण आरतीला न थांबलेले आबा गणपतीपुढं टक लावून बसलेत, एक डोळा मिटून, हे बघून दर्शनाला येणाऱ्या बायका दबक्या पावलांनी आत यायला लागल्या. "कंडक्टर देवाला लागले हो," असं शेजारघरापर्यंत गेलं. एका म्हातारीनं तर गणपतीच्या आधी त्यांच्याच पाया पडून घेतलं. मधेच ते मान तिरकी करायचे, मधेच जमिनीला गाल टेकवून खालून बघायचे. एकदा वाऱ्यानं दूर्वा हलल्या तेव्हा त्यांचा श्वास अडकलेला मी ऐकला. मलाही राहवत नव्हतं. जेवण वाढता वाढता मीही एकदा जमिनीला गाल टेकवला. काहीही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात विसर्जनाची शिदोरी म्हणून दहीपोहे कालवता कालवता काकूंनी मला सगळं सांगितलं. माझ्याकडं न बघता, हात परातीत. आबा पुण्याला होते त्या महिन्यात त्यांनी त्या देठाला रोज पाणी घातलं होतं. दिवसातून दोनदा. नवरा दवाखान्यात, त्याचा जीव त्या देठात, मग त्याला उपाशी कसं ठेवायचं. अकराव्या दिवशी देठ बुडाशी काळा पडून मऊ झाला. काकू तो कुजका देठ पदरात बांधून एकट्या एस.टी.नं आळेफाट्याला गेल्या, रस्त्याकडेच्या नर्सरीत दाखवला, आणि तशाच पानाचं झाड घेऊन आल्या. त्याच कुंडीत लावलं, तीच पट्टी खोचली. आबा परत आले आणि खूश झाले, मग सांगायचं राहिलं. एक वर्ष राहिलं, मग दुसरं राहिलं. "फूल न्हाईच यायचं असं वाटलं व्हतं," काकू म्हणाल्या. "काल सकाळी कागद उघडला, तर नर्सरीत तवा फुललेली बघितली व्हती तशीच. काळ्या डबीतली."

मी म्हणाले, काकू, पुढच्या वर्षी पुन्हा फुलेल, तेव्हा काय कराल? त्यांनी पोह्यांवर आणखी दही ओतलं. मग परातीतला हात थांबवून म्हणाल्या, "तुझं ऐकत्यात ते. वरनं टोचत्यात, पर ऐकत्यात. तू बघ, आन् रानातलंच हाय म्हन."

मला वाईट वाटलं, आणि रागही आला. ती पदवी मी दुसऱ्याच्या शेतात निंदणी करून, एका वेळच्या डब्यावर दिवस काढून मिळवली होती. तिचा पहिला खरा उपयोग खोटं बोलायला करायचा? आणि खरं बोलायचं, तर ते काकूंच्या सात वर्षांवर. मी पोह्यांत मीठ जास्त घातलं, एवढंच झालं माझ्याकडून.

उत्तरपूजा झाली, मूर्ती जागेवरून हलवली, निर्माल्य उतरलं. आबांनी चारही फुलं तळहातावर घेतली आणि ओटीवर आले. मला वाटलं आता काच डोळ्यात जाईल. पण त्यांनी काच आणि फुलं दोन्ही माझ्यापुढं धरली. "तू सांग, बीयस्शी. माझा डोळा हावरा हाय. त्याला पायजे तेच दिसंल." पहिल्यांदाच त्या नावात टोमणा नव्हता, आणि नेमक्या त्याच वेळी मला तो हवा होता.

काचेची गरजच नव्हती. नळी एकसंध होती, काळपट जांभळी, लव असलेली. एकही फाक नाही. मी मान वर केली, तर काकू उंबऱ्यात उभ्या. मी तोंड उघडलं, काय बोलणार होते ते आजही मला सांगता येत नाही. त्याआधीच काकू म्हणाल्या, "तिला कशाला इचारताय. म्या सांगते. तुमचं तळेघरचं मेलं. म्या मारलं. हे आळेफाट्याचं हाय."

आबांनी काच आणि फुलं माझ्या हातातून परत घेतली. ओढ्याला जायला निघालेली माणसं अंगणात ताटकळली होती. मग त्यांनी विचारलं, "किती दिस टिकलं माझ्यामागं?"

"अकरा."

"पानी?"

"रोज. दोन बारी."

"दोन बारी," आबा म्हणाले. "मंग हे सात वरीस कसं जगलं? मी गावाला गेलो की कोन बघायचं?"

"म्याच की," काकू म्हणाल्या. "बोट घालून."

आबांनी मान हलवली, आणि फुलं ओटीच्या कडेला ठेवून गणपती उचलला. ओढ्यावरून आल्यावर ते जेवायला बसले. पोह्यांत मीठ जास्त झालंय असंही म्हणाले नाहीत, आणि ते मला सगळ्यात वाईट वाटलं. सरांना त्यांनी स्वतः फोन केला. वळणावरचं झाड गेलं, आमच्याकडचं नर्सरीतलं निघालं, तुमचा वेळ घेतला, एवढंच. फोन ठेवल्यावर बराच वेळ ते हातातल्या काचेवर रुमाल फिरवत बसले. वर्षानुवर्षं खिडकीतून जे बघितलं ते खरंच लिपस्टिक होतं का, हे आता कुणीच सांगू शकणार नव्हतं. मागच्या बाकावरची माणसंच बरोबर असतील, असंही असू शकत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर गोठ्याच्या आढ्यावरची ती कुंडी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन टांगलेली. आबा काकूंना सांगत होते की फुलून झालं की शेंडे खुडायचे, म्हणजे नवे फुटवे येतात. काकू म्हणाल्या, ठावं हाय मला. आबा म्हणाले, कसं ठावं? काकू म्हणाल्या, सात वर्षं कोण खुडत होतं? त्यावर आबा इतके चकित झाले की त्यांनी मला हाक मारून पुन्हा तो संवाद माझ्यासमोर करायला लावला. त्यानंतर काही दिवसांनी ग्लॉक्सिनियाच्या कंदाबद्दल काही विचारायला मी गोठ्यात गेले, तर ते म्हणाले, आत जा, तिला विचार.

दसरा झाल्यावर एका रविवारी आम्ही तिघं तळेघरला गेलो. काकू म्हणाल्या, एक झाड पडलं म्हणून काय झालं, दुसऱ्या कुठल्या झाडावर असेल की, आपण वर बघितलंय कुठं. त्या वळणापासून आम्ही पायी चालत निघालो. भाताची खाचरं पिवळी पडायला लागली होती, कातळाला ती निळ्या फुलांची नातलग अजून चिकटून होती. आबांना गुडघ्यांनी चालवत नव्हतं, ते मागं मागं. काकू पुढं, पदर खोचून, मान वर. त्या बाईनं त्या दिवशी जेवढी झाडं खालून बघितली तेवढी मी तीन वर्षांच्या बी.एस्सी.त बघितली नव्हती. एका मोठ्या आंब्याखाली त्या थबकल्या. "अहो, त्या बेचक्यात काय तरी लाल दिसतंय का बघा."

आबांनी कपाळावर हात आडवा धरून बघितलं. डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत, आणि घड्याळजीची काच इतक्या लांबचं काही दाखवत नाही. माझी नजर चांगली आहे. वर कोळ्याच्या जाळ्यात एक पिकलेलं पान अडकलं होतं, उन्हात लाल दिसत होतं. तेच होतं, बहुतेक. त्याच्या मागं, शेवाळात, आणखी काही होतं की नाही ते मला खालून दिसत नव्हतं.

"काय वाटतं?" आबांनी मला विचारलं. काकूही बघत होत्या.

"उंच आहे, आबा," मी म्हणाले. "इथून सांगता येत नाही."

"न्हाईच येत," ते म्हणाले. "फुलाच्या दिसात यायला पायजे व्हतं. पुढल्या साली आदुगर येऊ." आणि ओल्या दगडांवरून उतरताना त्यांनी काकूंचा दंड धरला. कोण कुणाला सावरत होतं ते कळत नव्हतं.

परतीची गाडी तासाभरानं आली. आबांनी तिघांची तिकिटं काढली, काकूंना खिडकी दिली. गाडी त्या वळणावर हळू झाली तेव्हा जांभळाच्या जागी नुसतं आभाळ होतं. काकूंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. कंडक्टर ओरडला, मावशी, डोकं आत घ्या. गाडी वळण उतरून सरळ रस्त्याला लागली, तरी त्यांची मान वरच होती.